शैक्षणिक कर्ज थकलंय, वसुली एजंटांचे फोन येतायत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हप्ते थकलेले विद्यार्थी, त्यांचे आईवडील आणि जामीनदार हे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात. उत्तरं बँका आणि एनबीएफसींनी (बँक नसलेल्या वित्त कंपन्यांनी) दिलेल्या कर्जांबद्दल आहेत. कर्ज पतसंस्थेचं असेल तर आधी प्रश्न १५ वाचा, तिथला कायदाच वेगळा आहे.

१. एक हप्ता चुकला की लगेच एजंट दारात येतो का?

सहसा नाही. बहुतेक बँकांच्या योजनेत शिक्षण संपल्यावर एक वर्ष हप्त्याची सवलत असते. त्यानंतर हप्ता चुकला तर पहिले ३० दिवस खातं 'एसएमए-०', ६० दिवसांपर्यंत 'एसएमए-१' आणि ९० दिवसांपर्यंत 'एसएमए-२' वर्गात (म्हणजे बँकेच्या खास नजरेखाली) राहतं. ९० दिवस उलटले की ते एनपीए, म्हणजे अनुत्पादक (थकीत) कर्ज होतं. तोवर फोन येतात ते बहुधा शाखेतून किंवा कॉल सेंटरमधून. एजन्सीकडे फाइल साधारण त्यानंतर जाते.

हेच तीन महिने लोक फोन न उचलता घालवतात. शाखा व्यवस्थापकाला हप्ता पुन्हा बांधून द्यायला तेव्हा वाव असतो (प्रश्न ८). पुढे फाइल वसुली विभागात गेली की शाखेत "आमच्या हातात काही नाही" एवढंच ऐकायला मिळतं. आणखी एक गैरसमज: एनपीए झाल्यावर एखादा हप्ता भरला की खातं नियमित झालं, असं नसतं. मागची सगळी थकबाकी, मुद्दल आणि व्याज, भरल्यावरच शिक्का निघतो.

२. चार लाख घेतले होते, बँक साडेपाच लाख मागतेय. हिशेबात घोळ आहे का?

असेलच असं नाही. चार वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी दरवर्षी १ लाख उचलले, व्याज १० टक्के आणि नंतर एक वर्ष सवलत असं धरा. पहिल्या लाखावर पाच वर्षांचं, दुसऱ्यावर चार, तिसऱ्यावर तीन, चौथ्यावर दोन वर्षांचं सरळ व्याज लागतं. एकूण १,४०,०००. हप्ता सुरू होताना ते मुद्दलात मिळवतात, म्हणजे कर्ज ५,४०,००० चं होतं. दहा वर्षांसाठी हप्ता सुमारे ७,१३५ रुपये बसतो.

तरीही पहिल्या दिवसापासूनचा खातेउतारा मागवा आणि तीन गोष्टी तपासा. शिक्षणाच्या काळात चक्रवाढ व्याज लावलंय का. कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला साडेचार लाखांच्या आत असताना केंद्राच्या व्याज अनुदानाला तुम्ही पात्र होतात, तर ते खात्यात जमा झालंय का. आणि दंडावर व्याज चढवलंय का. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकाने ते बंद केलं आहे. सरकारी बँक उतारा द्यायला टाळत असेल तर १० रुपयांचा माहिती अधिकार अर्ज टाका, उत्तराची मुदत ३० दिवस आहे.

३. फोन करणारा खरंच बँकेचा माणूस आहे हे कसं ओळखायचं?

फाइल एजन्सीकडे देताना तिचं नाव आणि तपशील तुम्हाला कळवणं बँकेवर बंधनकारक आहे. घरी येणाऱ्या एजंटकडे बँकेच्या नोटिशीची प्रत, अधिकारपत्र आणि ओळखपत्र हवं. तिन्हींचा फोटो काढा. काढू देत नसेल तर बोलणं तिथेच थांबवा आणि बँकेच्या वेबसाइटवरच्या एजन्सींच्या यादीत नाव शोधा.

पैसे फक्त कर्जखात्यात भरायचे. एजंटचा यूपीआय नंबर, "माझ्या खात्यात टाका, मी भरतो", "रोख द्या, सूट मिळवून देतो" यांतलं काहीही नाही. खऱ्या एजन्सीच्या माणसानेही रोख रक्कम खिशात घातल्याची उदाहरणं असतात, आणि पावती नसेल तर बँकेच्या लेखी ती रक्कम आलीच नाही.

४. एजंट घरी येऊ शकतो का? किती वाजता?

येऊ शकतो. पण सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ च्या नंतर थकबाकीसाठी फोन करायचा नाही, हे रिझर्व्ह बँकेने १२ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात स्पष्ट केलं आहे. शिवीगाळ, धमकी, चारचौघांत अपमान, निनावी फोन, मोबाइलवर किंवा समाजमाध्यमांवर आक्षेपार्ह संदेश, सगळ्याला मनाई आहे. तुमच्या परवानगीशिवाय त्याला घरात पाऊल टाकता येत नाही, वस्तू उचलता येत नाही. दारातच बोला. घरात वृद्ध आईवडीलच असतील तर "मुलगा घरी नाही, जे काय ते बँकेकडून लेखी पाठवा" एवढं वाक्य त्यांना सांगून ठेवा.

एजंटने केलेल्या वागणुकीला बँक जबाबदार असते. "तो आमचा कर्मचारी नाही" हे उत्तर चालत नाही.

५. फोनवर नेमकं काय बोलायचं? मी घाबरून काहीतरी कबूल करून बसतो.

एजंट रोज असे कितीतरी फोन करतो, तुम्ही पहिल्यांदाच बोलत असता. म्हणून फोनवर वाटाघाट करायचीच नाही. एवढंच म्हणा: "तुमचं नाव, एजन्सीचं नाव सांगा आणि बँकेचं अधिकारपत्र ईमेलवर पाठवा. मी बँकेशी लेखी बोलतोय. फोनवर रक्कम किंवा तारीख कबूल करणार नाही." आणि फोन ठेवा. वाद घालू नका, आवाज चढवू नका. तिकडेही रेकॉर्डिंग चालू असतं.

त्याच दिवशी शाखेला ईमेल करा: कर्जखात्याचा क्रमांक, कोणाचा फोन कधी आला, तुमची सध्याची परिस्थिती, आणि पुढचा पत्रव्यवहार या ईमेलवर करावा ही विनंती. फोनची वेळ, नंबर आणि बोलणं एका वहीत लिहीत जा, संदेशांचे स्क्रीनशॉट ठेवा. तक्रार करायची वेळ आली तर हीच वही कामाला येते.

दोन चुका नेहमी होतात. "आज निदान हजार रुपये टाका, फाइल थांबवतो" म्हटल्यावर घाईने पैसे टाकणं (त्याचा मुदतीवर काय परिणाम होतो ते प्रश्न १३ मध्ये). आणि सगळे नंबर ब्लॉक करणं. ब्लॉक केलंत की खरी नोटीसही चुकते, आणि "कर्जदार संपर्कात नाही" अशी नोंद फाइलवर होते. लोकअदालतीत किंवा तडजोडीच्या वेळी ती नोंद नडते.

६. माझ्या कंपनीच्या एचआरला, मामांना, शेजाऱ्यांनाही फोन जातायत. हे चालतं का?

सहकर्जदार किंवा जामीनदार असेल त्याला फोन करता येतो. बाकी कोणालाही तुमच्या कर्जाबद्दल सांगून दबाव आणता येत नाही. कुटुंबीय, मित्र आणि अर्जात संदर्भ म्हणून नाव दिलेल्या व्यक्तींच्या खासगीपणात घुसायला वरच्या परिपत्रकात मनाई आहे. ज्यांना फोन आला त्यांच्याकडून वेळ, नंबर आणि काय बोलला हे दोन ओळींत लिहून घ्या. एचआरने ईमेलवर दिलं तर उत्तमच. मग प्रश्न ९ प्रमाणे तक्रार करा. फोटोत फेरफार करून पाठवले तर बँकेच्या उत्तराची वाट पाहू नका, थेट १९३० वर सायबर तक्रार.

७. "अटक वॉरंट निघालंय, उद्या पोलीस घेऊन येतो" म्हणतात. तुरुंगात जावं लागेल?

कर्ज न फेडता येणं हा गुन्हा नाही, दिवाणी बाब आहे. बँकेला किंवा एजंटला वॉरंट काढता येत नाही. व्हॉट्सअॅपवर आलेल्या "कोर्ट नोटिशी"वर सोळा अक्षरांचा सीएनआर क्रमांक (खटल्याचा ओळख क्रमांक) आहे का बघा आणि ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर तपासा. क्रमांक नाही, वरच्या कोपऱ्यात तराजूचं चित्र आणि खाली एखाद्या वकिलाची सही, हा बहुधा नुसता दबावाचा कागद असतो. तरीही तो जपून ठेवा.

मात्र तीन ठिकाणी खरोखर सावध राहायचं. पहिलं, सही करून दिलेला चेक वटला नाही किंवा खात्यातून आपोआप जाणारा हप्ता शिल्लक नसल्यामुळे परत गेला, तर फौजदारी तक्रार होऊ शकते; चेकसाठी निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याचं कलम १३८, आपोआप जाणाऱ्या हप्त्यासाठी २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट कायद्याचं कलम २५. मागणीची नोटीस मिळाल्यापासून पैसे भरायला १५ दिवस मिळतात. ती नोटीस पाकीट न फोडता बाजूला ठेवू नका. दुसरं, कर्ज घेताना खोटी कागदपत्रं दिली असतील तर तो वेगळा गुन्हा आहे. तिसरं, न्यायालयाचं खरं समन्स. समरी सूट (झटपट चालणारा दिवाणी दावा) असेल तर हजर होण्यासाठी फक्त १० दिवस असतात. गेला नाहीत तर बँकेच्या बाजूने एकतर्फी हुकूमनामा होतो. एनबीएफसीच्या करारात बऱ्याचदा लवादाची (वाद न्यायालयाऐवजी नेमलेल्या लवादाकडे सोडवण्याची) अट असते. लवादाचा ईमेल स्पॅममध्ये पडून राहतो आणि निवाडा होऊन जातो, म्हणून स्पॅमही बघत जा.

८. अजून नोकरीच लागली नाही. बँकेकडे काय मागता येतं?

भारतीय बँक संघाच्या नमुना योजनेत बेरोजगारी किंवा अपुऱ्या पगाराच्या काळासाठी कर्जाच्या मुदतीत दोन-तीन वेळा हप्त्याला सवलत देण्याची तरतूद आहे. परतफेड १५ वर्षांपर्यंत वाढवता येते. वरच्या उदाहरणातला ७,१३५ चा हप्ता १५ वर्षांवर नेला तर सुमारे ५,८०० होतो. योजना नमुना आहे, तेव्हा शेवटचा शब्द बँकेचा. पण शाखेत अनेकांना हे कलम माहीत नसतं, म्हणून अर्जात योजनेचं नाव घ्या.

अर्जासोबत जोडा: सहा महिन्यांचे बँक उतारे, नोकरीसाठी केलेल्या अर्जांचे ईमेल, नोकरी असेल तर पगारपत्रक, आणि दरमहा किती भरू शकता तो आकडा. आकडा खरा द्या. तीन हजार झेपत असताना पाच हजार कबूल करून दुसऱ्याच महिन्यात चुकलात तर तिसरी संधी मिळणं अवघड. अर्ज खातं एनपीए व्हायच्या आधी द्या आणि प्रतीवर पोच घ्या.

९. तक्रार कुठे आणि कशी करायची?

आधी बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे, लेखी, क्रमांक घेऊन. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, सीएमएस पोर्टलवर. फी नाही. वकिलामार्फत नको, स्वतःच करायची. अडलं तर १४४४८ वर विचारता येतं. उशीर करू नका, आणि त्याच मुद्द्यावर न्यायालयात दावा चालू असेल तर लोकपाल तक्रार घेत नाही हे लक्षात ठेवा.

तक्रारीत "खूप त्रास देतात" असं मोघम लिहिलं तर काही होत नाही. "अमुक तारखेला रात्री ९.४० ला अमुक नंबरवरून फोन, एचआरला कर्जाची माहिती दिली, रेकॉर्डिंग जोडलं आहे" असं लिहा. तक्रार प्रलंबित असताना बँकेने ती फाइल एजन्सीकडे द्यायची नसते, तक्रार उगाचच केली आहे असं तिला पुराव्यानिशी वाटत असेल तरच अपवाद. हे वाक्य तक्रारीत उद्धृत करा.

मारहाण, घरात घुसणं, बाईमाणसाशी असभ्य बोलणं, जिवाची धमकी, यांसाठी लोकपाल नाही; ११२ आणि पोलीस ठाणं. भारतीय न्याय संहितेची कलमं ३५१ (धमकी), ३२९ (घरात घुसणं) आणि ७९ (स्त्रीचा अवमान) तक्रारीत नमूद करा.

१०. माझं कर्ज साडेसात लाखांच्या आत आहे, तारण काहीच नाही. मग बँक काय करू शकते?

दिवाणी दावा, आणि कर्ज २० लाखांच्या वर असेल तर कर्जवसुली न्यायाधिकरण. हुकूमनामा झाला की पगारावर टाच येऊ शकते, पण सगळ्या पगारावर नाही: पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सुरक्षित. ३१,००० पगार असेल तर २१,००० हात लावता येत नाहीत, १०,००० कापले जाऊ शकतात. भविष्य निर्वाह निधीवर टाच येत नाही.

दाव्याच्या आधीच होणारी गोष्ट वेगळीच आहे. त्याच बँकेत तुमचं किंवा सहकर्जदार वडिलांचं बचत खातं असेल तर बँक तिथली शिल्लक कर्जात वळती करून घेऊ शकते. पगार जमा झाला आणि संध्याकाळी शून्य, असे प्रसंग यातूनच येतात. घरखर्चाचा पैसा दुसऱ्या बँकेत ठेवणं बेकायदा नाही.

"सरकारने हमी दिलीय, बँकेला पैसे मिळून जातात" हा समज चुकीचा. तारण नसलेल्या, साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जांसाठी हमी निधी आहे आणि तो बँकेला थकलेल्या रकमेच्या ७५ टक्क्यांपर्यंत देतो. हा विमा बँकेचा. तुमच्याकडची वसुली त्यानंतरही चालूच राहते.

११. घर तारण ठेवलंय. एजंट येऊन कुलूप लावू शकतो का?

नाही. सरफेसी कायद्यानुसार (तारण मालमत्तेवर बँकेने वसुली कशी करायची याचा कायदा) आधी कलम १३(२) ची ६० दिवसांची नोटीस येते. त्या काळात लेखी हरकत घ्या. बँकेला १५ दिवसांत कारणांसह उत्तर द्यावं लागतं. प्रत्यक्ष ताब्यासाठी बँक बहुधा जिल्हाधिकाऱ्यांकडून आदेश आणते. ताब्याच्या कारवाईविरुद्ध ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणात जाता येतं (मुंबई, पुणे, नागपूर, छत्रपती संभाजीनगर). शेतजमिनीला हा कायदा लागत नाही, पण गहाण शेतजमिनीवर दिवाणी दावा होऊ शकतो, तेव्हा निर्धास्त राहू नका.

१२. ओटीएसमध्ये अर्धी रक्कम माफ होते म्हणतात. घ्यावं का?

एकरकमी तडजोड (ओटीएस) हा तुमचा हक्क नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये तसं स्पष्ट केलं आहे. किती सूट मिळेल ते खातं किती जुनं, तारण आहे की नाही आणि बँकेची त्या वर्षीची योजना यांवर ठरतं. एजंटने तोंडी सांगितलेला आकडा धरू नका. बँकेच्या लेटरहेडवर मंजुरीपत्र हवं: एकूण रक्कम, तारीख, उरलेल्याची माफी, दावा मागे घेण्याचं आणि जामीनदाराला मोकळं करण्याचं आश्वासन. एक हप्ता एक दिवस उशिरा गेला तरी बहुतेक पत्रांत तडजोड रद्द होते आणि पूर्ण रक्कम पुन्हा उभी राहते. म्हणून पैसे हातात असल्याशिवाय सही नको.

किंमतही मोजावी लागते: सिबिलवर 'सेटल्ड' नोंद राहते, आणि त्या बँकेत किमान १२ महिने नवं कर्ज मिळत नाही. दोन-तीन वर्षांत गृहकर्ज घ्यायचं असेल तर ओटीएसपेक्षा हप्ते पुन्हा बांधून पूर्ण फेडलेलं बरं. वय जास्त, उत्पन्न तुटपुंजं आणि नवं कर्ज घ्यायचंच नसेल तर ओटीएसमध्ये शहाणपण आहे.

लोकअदालतीची नोटीस आली असेल तर जरूर जा. तिथे सूट मागायची मोकळीक असते आणि नाही पटलं तर उठून यायची मुभा. फक्त सही केलेला निवाडा अंतिम असतो, अपील नाही. मोफत वकील हवा असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा, हेल्पलाइन १५१००.

१३. कर्ज थकून तीन वर्षं उलटली. आता ते बुडालं ना?

कर्ज राहतं, फक्त दावा करायची मुदत संपते. साध्या कर्जासाठी ती तीन वर्षं, गहाणखत असेल तर बारा. पण मुदतीच्या आत तुम्ही सही करून थकबाकी मान्य केली किंवा तुमच्या सहीचा पुरावा असलेली थोडी रक्कम भरली, तर घड्याळ पुन्हा शून्यापासून सुरू होतं. "शिल्लक मान्य" असं छापलेलं एक पान एजंट सहीसाठी पुढे करतो ते याचसाठी. मुदत संपल्यावरही "मी फेडीन" असं लिहून सही दिलीत तर तो नवा करार ठरतो. दुसरीकडे, हप्ते बांधून घ्यायचे असतील तर मान्यता द्यावीच लागते, तेव्हा आधी ठरवा की तुम्हाला फेडायचंय का. मुदत संपली आहे की नाही हे तारखांवर ठरतं. वकिलाला उतारा दाखवल्याशिवाय त्यावर विसंबू नका.

१४. मी फक्त जामीनदार आहे. आणि विद्यार्थीच वारला तर?

जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. बँक आधी तुमच्याकडेही येऊ शकते. तुम्ही भरलेली रक्कम नंतर कर्जदाराकडून वसूल करायचा हक्क तुम्हाला आहे. तुमच्या संमतीशिवाय बँकेने कर्जाच्या अटी बदलल्या असतील तर सुटकेचा मुद्दा उभा राहू शकतो.

विद्यार्थ्याचा मृत्यू झाला तरी सहकर्जदार आई किंवा वडील पूर्ण रकमेला बांधील राहतात. आधी कर्जासोबत विमा काढला होता का ते बघा. हप्त्यात कापलेला प्रीमियम अनेकांना आठवतही नाही. निव्वळ वारस असलेल्यांची जबाबदारी वारशात मिळालेल्या मालमत्तेपुरतीच.

१५. कर्ज गावच्या पतसंस्थेचं आहे.

इथे रिझर्व्ह बँकेचा लोकपाल नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १०१ खाली पतसंस्था उपनिबंधकांकडे वसुली दाखला मागते. दाखला मिळाला की वसुली अधिकारी कलम १५६ खाली थेट जप्ती करू शकतो, वेगळा दावा लागत नाही. सगळा खेळ दाखला निघायच्या आधीच्या सुनावणीत असतो. नोटीस आली की हजर राहा आणि हिशेबावरची हरकत लेखी द्या. नंतर पुनरीक्षण अर्ज करायचा तर वसुलीयोग्य रकमेच्या ५० टक्के आधी भरावे लागतात, आणि अनेकांची वाट तिथेच बंद होते.

१६. बँक म्हणते कर्ज "राइट ऑफ" केलं, आणि आता भलत्याच कंपनीची नोटीस आलीय.

राइट ऑफ ही बँकेच्या वहीतली नोंद, माफी नव्हे. खातं मालमत्ता पुनर्रचना कंपनीला (थकीत कर्जं विकत घेणाऱ्या कंपनीला) विकलं असेल तर घेणेकरी बदलतो, अटी तुमच्या मूळ कराराच्याच राहतात. दोघांकडूनही लेखी खात्री मिळेपर्यंत कोणालाच पैसे देऊ नका: बँकेकडून "विकलं" असं पत्र, कंपनीकडून खात्याचा उतारा. वसुलीच्या वागणुकीचे नियम (प्रश्न ४) या कंपन्यांनाही लागू आहेत.

१७. मी परदेशात आहे. पासपोर्ट जप्त होईल, विमानतळावर अडवतील असं आईला सांगतायत.

बँकेला पासपोर्ट जप्त करता येत नाही. सरकारी बँकांच्या प्रमुखांना लुकआउट परिपत्रक (विमानतळावर अडवण्याची सूचना) मागण्याचा दिलेला अधिकार मुंबई उच्च न्यायालयाने २३ एप्रिल २०२४ रोजी रद्द केला. न्यायालयाचा आदेश असेल तर गोष्ट वेगळी. तुमच्या गैरहजेरीत दबाव आईवर येतो, म्हणून बँकेला स्वतःचा परदेशातला पत्ता आणि ईमेल लेखी कळवा. आई सहकर्जदार नसेल तर तसं त्या ईमेलमध्ये ठळक लिहा. भारतातलं समन्स घेण्यासाठी आणि तडजोडीसाठी विश्वासू नातेवाइकाला कुलमुखत्यारपत्र द्या, ते भारतीय दूतावासात साक्षांकित करून घ्या.

१८. सगळं फेडलं. आता फोन यायचे थांबतील ना?

थांबतीलच असं नाही. एजन्सीच्या यादीत जुनं नाव राहतं. नो ड्यूज प्रमाणपत्र घ्या आणि फोन आला की त्याची प्रत पाठवा. तारण असेल तर मालमत्तेची मूळ कागदपत्रं ३० दिवसांत परत मिळायला हवीत, बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. महिन्याभराने वर्षातून एकदा मिळणारा मोफत सिबिल अहवाल काढा आणि खातं 'क्लोज्ड' दिसतंय का बघा. चूक असेल तर सिबिलकडे आणि बँकेकडे एकाच दिवशी तक्रार करा. ३० दिवसांत दुरुस्ती झाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाचे १०० रुपये मागता येतात. दोघांपैकी ज्याच्यामुळे उशीर झाला त्याने ते द्यायचे असतात, म्हणून दोन्ही तक्रारींचे क्रमांक आणि तारखा जपून ठेवा.